नॉयश्वानस्टाइन की एल्ट्झ?

जर्मनीत एकच किल्ला बघायला वेळ असेल, तर बहुतेक जण डोळे झाकून नॉयश्वानस्टाइन निवडतात. दिसतोही देखणा. पण तो मध्ययुगीन नव्हेच. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने १८६९ मध्ये बांधायला घेतला. १८८६ मध्ये राजा गेला आणि काम अर्धवट राहिलं. सिंहासनाच्या दालनात सोनेरी झगमगाट आहे, सिंहासन मात्र कधी आलंच नाही! गरम हवेने खोल्या उबदार ठेवायची सोय, नळाचं पाणी, टेलिफोन असा सगळा आधुनिक थाट. थोडक्यात, जुना दिसणारा नाटकाचा सेट. ठरलेल्या वेळेचं तिकीट, अर्ध्या तासाची धावती फेरी आणि गर्दी तर विचारूच नका. फोटो काढायचा तो बाहेरून, मारिएन पुलावरून.

मोझेल नदीजवळच्या जंगलातला एल्ट्झ मात्र अस्सल जुना. बाराव्या शतकापासून एकाच घराण्याकडे आणि कधीही उद्ध्वस्त न झालेला. घराण्याच्या तीन शाखांनी एकाच चौकाभोवती आपापली घरं उभी केली, मजल्यांवर मजले चढवले. वाटण्या होऊनही वाडा टिकला, हे आपल्याकडच्या भाऊबंदांनी जरूर बघावं. चित्रांनी भरलेल्या भिंतींची निजायची खोली, स्वयंपाकघर, भिंतीतले संडास. माणसं इथे खरोखर राहिली हे जागोजागी कळतं.

माझं मत एल्ट्झला. फक्त मोझेलकेर्न स्टेशनपासून तासाभराहून जास्त जंगलातली पायपीट आहे, आणि हिवाळ्यात किल्ला बंद असतो. डिसेंबरची तिकिटं काढली असतील, तर निमूट नॉयश्वानस्टाइन गाठा.