बर्फासाठी घेतलेले प्लॅस्टिकचे बूट आणि बुडालेले २०,४३० रुपये

वापरलेले गिर्यारोहणाचे बूट ऑनलाइन घेऊ पाहणाऱ्यांनी, विशेषतः आमच्या रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मुलामुलींनी, हे जरूर वाचावे, कारण इकडे असे बूट दुकानात जाऊन पायात घालून पाहण्याची सोयच नाही. एका माणसाने मला सुमारे तीस वर्षांपूर्वीचे, आतून कुजलेले प्लॅस्टिकचे डबल बूट (बाहेर कडक कवच आणि आत सुटा निघणारा मऊ बूट, म्हणजे इनर) २०१९ सालचे म्हणून विकले आणि त्यात माझे एकूण २०,४३० रुपये गेले. पैशांचे दुःख आहेच. पण हे बूट घालून मी हिमाचलातल्या स्पितीत गोठलेल्या धबधब्यावर चढणार आहे, हे त्याला पहिल्या फोनपासून ठाऊक होते आणि तरीही त्याने ते मला विकले, हे मला काही केल्या विसरता येत नाही.

स्वस्तातल्या बुटांच्या मोहात पडलो, असे काही जण म्हणाले, म्हणून आधी हे सांगतो. हिवाळी बर्फात चामड्याचा साधा बूट ओला होतो, रात्री तंबूत गोठून दगड होतो आणि सकाळी त्यात पाय घालणे म्हणजे हिमदंशाला आमंत्रण. प्लॅस्टिकचे कवच पाणी शोषत नाही, आतला इनर वेगळा काढून रात्री स्लीपिंग बॅगेत वाळवता येतो, तळवा ताठ असल्यामुळे क्रॅम्पॉनच्या (बर्फात पकड मिळावी म्हणून बुटाखाली बसवायच्या दातेरी सांगाड्याच्या) पुढच्या दातांवर उभे राहताना पोटऱ्या कमी दमतात, आणि पुढे-मागे खोबण असल्यामुळे क्रॅम्पॉन पक्का बसतो. आता कापडी-सिंथेटिक डबल बुटांनी प्लॅस्टिकला बरेच मागे टाकले आहे. ते हलके आणि चांगले असतात, पण नव्या जोडीला पन्नास हजारांच्या वर मोजावे लागतात. उत्तरकाशीला गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करताना मी प्लॅस्टिकचेच बूट वापरले होते आणि त्यांची ऊब मला माहीत होती. तेव्हा चांगल्या स्थितीतली वापरलेली जोडी शोधण्यात माझे काही चुकले, असे मला आजही वाटत नाही.

जाहिरातीत एका नामांकित युरोपीय कंपनीची जोडी होती, साईज ९, ‘एकाच मोहिमेत वापरलेली’. त्याने २१,५०० सांगितले, १८,५०० वर सौदा ठरला. ३,००० रुपये टोकन, पार्सल बांधल्याचा फोटो आल्यावर १५,५०० आणि कुरिअरचे ७८०, सगळे यूपीआयने. माणूस बोलायला अत्यंत सभ्य होता. मला ‘दादा’ म्हणायचा, मनालीतल्या थंडीच्या गोष्टी सांगायचा, पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये विचारायचा, जाड मोजे घालूनच माप घ्या असे बजावायचा. माहितगार माणूस फसवणार नाही, असा आपला समज असतो. इथे त्याने ती माहितीच फसवण्यासाठी वापरली.

मला खटकायला हवे होते ते व्हिडिओ कॉलवर. त्याने बूट चारी बाजूंनी फिरवून दाखवले, कवच काळेभोर चमकत होते, बकल उघडून-लावून दाखवले. मी म्हणालो, ‘इनर बाहेर काढून आतला तळ दाखवा.’ त्यावर तो म्हणाला, ‘दादा, इनर फार घट्ट बसलाय, ओढला तर शिवण उसवेल, तुम्ही घरी निवांत काढा.’ उत्तरकाशीत रोज संध्याकाळी आम्ही सगळे इनर काढत होतो. तो सहज निघावा म्हणूनच डबल बूट तसा बनवलेला असतो. हे मला ठाऊक होते, आणि तरी त्या क्षणी मी ‘बरं’ म्हणालो, कारण समोरचा अजिजीने बोलत होता, त्याच्यावर अविश्वास दाखवणे मला असभ्य वाटले आणि स्पितीच्या बॅचची तारीख जवळ आली होती. माझ्या जागी दुसरा कोणी असता तरी बहुधा हेच झाले असते. पण त्या वाक्यालाच मी फोन बंद करायला हवा होता, ही चुटपुट रात्री झोपू देत नाही.

बूट आले तेव्हा इनर एका हिसक्यात निघाला. आत कवचाच्या तळाशी फोमचा एक तुकडा चिकटवलेला होता. तो सुरीने खरवडल्यावर खाली घड्याळासारखा गोल ठसा दिसला. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकच्या वस्तूंवर असतो तसा, कडेने महिन्यांचे आकडे, मधोमध बाण आणि वर्षाचे दोन अंक : ९४. म्हणजे १९९४. घोट्याजवळच्या घडीत बारीक भेगा होत्या, त्यांत काहीतरी चिकट भरून वरून काळे पॉलिश केले होते. त्या चकाकीचा अर्थ तेव्हा लागला. तरीही खात्री करावी म्हणून मी क्रॅम्पॉन चढवला आणि अंगणातल्या जांभ्याच्या पायरीवर, बर्फात मारतो तशी, टोकाने लाथ मारली. दुसऱ्या लाथेला पुढची खोबण जुन्या कौलासारखी तुकडे होऊन पडली आणि क्रॅम्पॉन पायातून निसटला. हेच बर्फाच्या उभ्या भिंतीवर झाले असते तर?

हे का घडते, ते आपल्याकडच्या प्रत्येक ट्रेकरला अर्धे माहीत आहे. दोन-तीन पावसाळे कपाटात पडून राहिलेल्या ट्रेकिंगच्या बुटाचा सोल ऐन गडावर भुगा होऊन गळतो, तो याच कारणाने. पॉलियुरेथेन हवेतला ओलावा घेते आणि त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या हळूहळू तुटत जातात; रसायनशास्त्रात याला हायड्रोलिसिस म्हणतात. जुन्या प्लॅस्टिक बुटांची कित्येक कवचे याच पदार्थाची असतात. बूट वापरला नाही म्हणून ही झीज थांबत नाही. म्हणूनच ‘एकदाच वापरला’ हे वाक्य वयाविषयी काहीच सांगत नाही. ते फक्त तुमची नजर तारखेवरून हटवते. कोकणच्या दमट हवेत तर माळ्यावर ठेवलेल्या बुटाचे काय होईल ते सांगायलाच नको. स्वतःचे असतील तर इनर बाहेर काढून, कोरड्या जागी, पत्र्याच्या उन्हापासून लांब ठेवा.

मी फोटो आणि व्हिडिओ पाठवल्यावर त्याने लगेच माफी मागितली. बूट परत घेतो, पूर्ण पैसे देतो, फक्त विमा उतरवलेल्या पिकअपचे १,१५० पाठवा, म्हणाला. १८,५०० परत देतो म्हणणारा माणूस १,१५० साठी खोटे बोलेल असे कुणाच्या मनात येईल? मी पाठवले. त्या संध्याकाळी त्याने मला ब्लॉक केले.

त्यानंतरचा अनुभव फसवणुकीइतकाच संतापजनक आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला तो, ‘चपलांसाठी एवढे पैसे कशाला दिलेत?’ मग सांगितले की वस्तू मिळाली आहे, त्यामुळे ही ऑनलाइन फसवणूक नाही, दिवाणी बाब आहे. मी फोमचा तुकडा आणि पॉलिश केलेल्या भेगा टेबलावर ठेवल्या. तारीख झाकून वस्तू विकणे ही फसवणूक नाही तर काय, आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ मग कशासाठी आहे, असे विचारल्यावर विक्रेता दुसऱ्या जिल्ह्यात राहतो म्हणून तिकडे जा, असे उत्तर मिळाले. वास्तविक नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. हे एका सामान्य ग्राहकाने पोलिसांना समजावून सांगावे लागते. बँकेत सांगितले, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयातल्या बाईंनी खासगी व्यक्तीने विकलेली वस्तू आमच्याकडे येत नाही म्हणून कागद परत केले. हाच माणूस वेगवेगळ्या नावांनी बूट, रोप आणि आइस ॲक्स सतत विकतो, म्हणजे तो व्यापारीच झाला, याचे स्क्रीनशॉट मी नेले होते. ते त्यांनी उघडूनसुद्धा पाहिले नाहीत. अखेर एका साध्या अर्जावर पोच मिळाली आहे, पुढे काही नाही. प्रत्येक टेबलावर मला एकच जाणवले, की बूट तुटला म्हणजे माणूस पडतो हे कुणालाच कळून घ्यायचे नव्हते.

तुमचे पैसे असे गेले तर तासाभरात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा. पैसे खात्यात असेपर्यंतच ते गोठवता येतात. टोकन देण्याआधी इनर काढलेल्या कवचाच्या आतला फोटो मागा, त्यावर तारखेचा ठसा दिसलाच पाहिजे. नकार मिळाला तर सौदा तिथेच संपवा. कवच घोट्यात वाकवून दाखवायला सांगा, पांढरी रेघ उमटली तर घेऊ नका. नवे-जुने काहीही घ्या, माप जाड मोज्यांवर आणि संध्याकाळी, पाय सुजलेले असताना घ्या. टाच उचलली जाऊ नये आणि भिंतीवर लाथ मारली तर बोटे पुढे टेकू नयेत, कारण रक्त अडलेल्या घट्ट बुटात कितीही जाड इनर असला तरी बोटे गार पडतात. घरी आलेल्या बुटांना आधी क्रॅम्पॉन लावून बघा, तिकिटे नंतर काढा. एका मोसमापुरते हवे असतील तर मनालीत किंवा लेहला भाड्याने घ्या, निदान तिथे ते हातात घेऊन तपासता येतात.

हा माणूस सध्या साईज ८ ची एक जोडी विकत आहे. फोटोत तीच काळी चकाकी आहे, मजकुरात तेच ‘एकाच मोहिमेत वापरलेली’ आहे, आणि किंमत या वेळी १६,००० लावली आहे.