ग्रिहा की आयजीबीसी?

पुण्याजवळ गृहप्रकल्प करणाऱ्या एका मित्राला यातलं कोणतं हरित मानांकन (इमारत पर्यावरणपूरक असल्याचा दर्जा) घ्यावं ते ठरत नाहीये.

मानांकनासाठी मिळणाऱ्या वाढीव एफएसआयमध्ये (भूखंडावर करता येणाऱ्या बांधकामाच्या प्रमाणात) फरक नाही. यूडीसीपीआर या राज्याच्या बांधकाम नियमावलीनुसार ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसीच्या सिल्व्हरला ३, चार तारे किंवा गोल्डला ५, पाच तारे किंवा प्लॅटिनमला ७ टक्के. कबूल केलेलं मानांकन भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी नसेल तर दंडही सारखाच, आणि जबर: त्या वाढीव एफएसआयच्या रेडीरेकनर जमीन-दराच्या दुप्पट. म्हणून वास्तुविशारदाने करारात ‘मानांकन मिळवून देऊ’ असं कधीही लिहू नये. ‘निकषांप्रमाणे आराखडे व कागदपत्रं देऊ’ इतकंच लिहावं, कारण निकाल तिसऱ्या संस्थेच्या हाती असतो.

मेहनत वेगळी. ग्रिहाचे लोक बांधकाम चालू असताना साइटवर येऊन बघतात, वरची सुपीक माती राखलीय का इथपासून. आयजीबीसीचं पूर्वप्रमाणन (आराखड्यांवरून मिळणारं तात्पुरतं प्रमाणपत्र) आधीच हाती येतं, विक्रीला सोयीचं. पण जाहिरातीत छापलेलं खोटं ठरलं तर रेरा कायद्याचं खोट्या जाहिरातींबद्दलचं कलम १२ आहेच.

सरकारी इमारत असेल, साइटवर पूर्णवेळ अभियंता असेल तर ग्रिहा. बुकिंग लवकर सुरू करायचं असेल तर आयजीबीसी. मित्राला मी आयजीबीसी सांगेन, पण प्लॅटिनम नको, गोल्डच कबूल कर.