शेड नंबर तोच, रंग वेगळा: घराच्या रंगकामाचा वर्षभरानंतरचा अनुभव

घराला नवे रंग लावून आता वर्ष होत आलं. काम संपल्यावर लगेच लिहिणार होते, पण थांबले ते बरं झालं. तेव्हा हॉलच्या रंगाला नावं ठेवली असती आणि दुकानाचं कौतुक केलं असतं. आज नेमकं उलट मत आहे.

निमित्त झालं एका स्विचबोर्डचं. हॉलमधला बोर्ड थोडा सरकवला, जुन्या जागी पुट्टी भरली आणि हातभर भिंतीला टच-अप करायची वेळ आली. रंग संपला होता, पण डब्याचं झाकण मी जपून ठेवलं होतं. त्यावरच्या लेबलवर शेड नंबर, बेस (ज्यात रंगद्रव्य मिसळतात तो मूळ रंग), फिनिश (चकाकी किती ते) सगळं होतं. ते घेऊन त्याच दुकानात गेले. त्यांनी नंबर मशीनमध्ये घातला, डबा हलवला आणि हातात दिला. रंगाऱ्याने दोन हात मारले. वाळल्यावर बघते तर भिंतीवर सरळसरळ ठिगळ! समोरून गडद आणि खिडकीच्या बाजूने चकाकणारं. दोन्ही लेबलं शेजारी धरली तेव्हा उलगडा झाला. आधीचा रंग मॅट, म्हणजे बिनचकाकीचा होता; हा सॅटिन, म्हणजे किंचित चकाकणारा निघाला. दुकानदाराचं एकच पालुपद, "मॅडम, नंबर तोच आहे ना? मग रंगही तोच." वर टिंट केलेला माल परत घेत नाही, हेही ऐकवलं.

हे मला मुळीच पटलेलं नाही. शेड नंबर ही नुसती कृती असते. मशीन बेसमध्ये रंगद्रव्याचे मोजून थेंब सोडतं. बेस बदलला की निकाल बदलतो. मॅट भिंत प्रकाश सगळीकडे विखुरते, म्हणून रंग जरा फिकट आणि शांत दिसतो. सॅटिनवरून बराच प्रकाश एकाच दिशेने परततो, म्हणून एका कोनातून रंग गडद आणि दुसऱ्या कोनातून चमक दिसते. झाकण समोर ठेवलेलं असताना दुकानदाराने फक्त नंबर वाचावा, याला काय म्हणायचं?

बरीच हुज्जत घातल्यावर मॅटचा डबा मिळाला. तरी कडा पुसट दिसत राहिली. मूळ भिंत रोलरने झालेली, हा तुकडा ब्रशने. रोलर जे बारीक दाणेदार पोत सोडतो ते ब्रशला जमत नाही. शिवाय जुन्या रंगावर इतक्या महिन्यांची धूळ आणि उजेड. शेवटी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवली, तेव्हा विषय मिटला. कोपऱ्यात उजेडच बदलतो, त्यामुळे दोन भिंतींतला किरकोळ फरक डोळ्याला कळत नाही.

म्हणून कळकळीने सांगते: डब्याडब्यात फरक राहू नये यासाठी एका खोलीचे सगळे डबे उघडून मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच रंगाला सुरुवात करायला लावा. रंगारी कुरकुर करतील, ऐकू नका. उरलेला रंग लहान, घट्ट झाकणाच्या बरणीत काठोकाठ भरून ठेवा. आत हवा जितकी कमी, तितकी साय कमी धरते.

आता हॉलच्या रंगाबद्दल. हिरवट झाक असलेला राखाडी घेतला होता. शेड कार्डावर सुंदर, भिंतीवर दिवसाही छान; पण दिवे लागले की सगळी खोली निळसर, आजारी दिसायची. कित्येक महिने मी तो रंग बदलायच्या गोष्टी करत होते. मग जुनी ट्यूब गेली आणि ६५०० केल्विनच्या निळसर पांढऱ्या उजेडाऐवजी ३००० केल्विनचे पिवळसर, ९० च्या वरचा सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं १०० पैकी माप) असलेले दिवे लावले. त्याच संध्याकाळी हॉल बदलला! राखाडीतला हिरवा दिसायला लागला, लाकडी कपाट उठून दिसलं. आज घरातला सगळ्यात आवडता रंग तोच. दिवे आधी ठरवा आणि रंग त्या दिव्यांखाली बघून निवडा, असं दुकानात एकानेही सांगितलं नाही याचा मात्र राग आहे.

नमुने भिंतीवर थेट लावू नयेत, हेही ठाम मत झालंय. जुन्या रंगाच्या शेजारी नवा रंग खरा दिसतच नाही. शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाकडे पॅरिसच्या गोबेलां विणकामशाळेतून तक्रार आली होती की काळा रंग फिका दिसतो. त्याला आढळलं की दोष रंगात नव्हता, शेजारच्या रंगांत होता. हे त्याने १८३९ मध्येच मांडलं, आणि आपण अजून जुन्या गुलाबी भिंतीवर नव्या पिस्त्याचे चौकोन काढतो. मोठ्या जाड कागदावर दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या आणि तो कागद सकाळ-दुपार-रात्र वेगवेगळ्या भिंतींवर टेकवून बघा. ओला इमल्शन (पाण्यात मिसळणारा भिंतीचा रंग) वाळल्यावर बहुधा गडद होतो, त्यामुळे ओल्यावरून मत बनवू नका.

बेडरूमची मोरपंखी भिंत म्हणजे निव्वळ आनंद. घरातल्या सगळ्यांचा विरोध होता. पण तिन्हीसांजेला, दिवे लावायच्या आधी, शेजारच्या खोलीतला गेरूचा रंग काळवंडतो आणि मोरपंखी मात्र उजळ वाटत राहतो. अंधुक उजेडात डोळा तांबड्यापेक्षा निळ्या-हिरव्याला जास्त दाद देतो. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. दिवसभर बाहेर असणाऱ्यांनी संध्याकाळच्या खोलीला हा रंग जरूर द्यावा. पॅसेजला मोतिया दिलाय, ठीक आहे.

मुलांच्या खोलीचा पिवळा अजून बाकी आहे. पिवळा चारही भिंतींवर गेला की एकमेकींवर उजेड फेकून दुप्पट भडक होतो, म्हणून आवडलेल्या शेडच्या दोन पायऱ्या फिका कागद सध्या तिथल्या कपाटाशेजारी टेकवून ठेवलाय. मुलीला गडदच हवा आहे. एक भिंत तिच्या पसंतीची आणि बाकीच्या तीन फिक्या, एवढ्यावर ती तयार झाली आहे.