बर्नलीचा २०२४-२५ हंगाम : तिकिटाचे पैसे वसूल झाले का?

हंगामाचे तिकीट काढून टर्फ मूर या घरच्या मैदानावर येणाऱ्या प्रेक्षकाला बर्नली या इंग्लिश फुटबॉल क्लबने गोलांची आतषबाजी दाखवली नाही, आणि गोलशून्य बरोबरीचे काही सामने खरोखरच रटाळ झाले. परंतु प्रशिक्षक स्कॉट पार्कर यांच्या संघाने चॅम्पियनशिपच्या, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगच्या, ४६ सामन्यांत केवळ १६ गोल स्वीकारले, आणि असा बचाव डोळे भरून पाहावा इतका देखणा होता. जानेवारीत संडरलँडविरुद्ध सामना संपत आला असताना गोलरक्षक जेम्स ट्रॅफर्डने विल्सन इसिडोरच्या एकामागोमाग दोन पेनल्टी अडवल्या. माझ्या मते त्या काही मिनिटांतच तिकिटाचे मोल चुकते झाले. १०० गुण मिळवून प्रीमियर लीगचे दार उघडले, तरी तितकेच गुण असलेल्या लीड्सकडे गोलफरकावर (केलेले वजा स्वीकारलेले गोल) विजेतेपद गेल्याची हुरहूर राहतेच.