१८५१ च्या कोल्ट नेव्ही रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती, आठ महिन्यांनंतर (म्हणजे मुख्यतः कॅपबद्दल)

रविवारी रेंजवर चौथा बार काढला आणि घोडा अर्ध्यातच अडकला, ना मागे जातोय ना पुढे. बाकी लोकं धडाधड उडवतायत आणि मी चिमटा घेऊन फुटलेल्या कॅपचा (बंदुकीची दारू पेटवणारी छोटी टोपी) तांब्याचा तुकडा उकरतोय. तेव्हाच ठरवलं, आता लिहायचंच.

इटालियन बनावटीची आहे, .३६ कॅलिबर, स्टील फ्रेमची. पितळी फ्रेमवाली स्वस्त मिळत होती पण दारू जरा जास्त भरत राहिलं की ती हळूहळू ताणली जाते म्हणतात, त्यामुळे माझ्यासारख्या चिकट माणसानेही स्टीलसाठी पैसे मोजले. दिसायला सुंदर, वादच नाही. सिलिंडरवर (दारू-गोळ्या भरायचा फिरता भाग) १८४३ ची कॅम्पेचीची लढाई कोरलीये, टेक्सासचं आरमार विरुद्ध मेक्सिकोचं, आणि दट्ट्याने गोळी ठासताना शिशाची बारीक कडी सोलून निघते ती बघायला मला अजूनही मजा येते.

पण कॅप! फुटलेली कॅप निपलवर (सिलिंडरमागची छिद्र असलेली बारीक नळी) बसून राहायला हवी, तर ती घोड्याच्या तोंडावरच्या खाचेत चिकटते, घोडा मागे घेतला की त्याच्यासोबत येते आणि बरोब्बर फटीत पडते. सहा बारांत एकदा तरी नक्की. विकणाऱ्याला फोटोसकट मेल केला, उत्तर आलं की ओरिजिनलमध्येही असंच व्हायचं. वा! म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीचा दोषसुद्धा इमानदारीत कॉपी केलाय, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत हेच नशीब. तीन मेल झाले, प्रत्येक वेळी "कुठली कॅप वापरता" एवढंच विचारतात, मला वाटलं टाळतायत.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि दोन तारे देऊन मोकळा होणार होतो. मग पुढच्या वेळी रेंजवर एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ माझी झटापट बघत होते, ते जवळ येऊन म्हणाले घोडा ओढताना नळी सरळ वर आभाळाकडे करा, तुकडा मागे बाहेर पडतो. केलं. तीन सिलिंडर रिकामे केले, अडकली एकदाच. आठ महिने!

आणि कॅपचं म्हणाल तर... मी ११ नंबरच्या वापरत होतो, माझ्या निपलला १० लागतात. सैल बसायच्या म्हणून बोटांनी चिमटून बसवायचो. ११ चे डबे स्वस्तात मिळाले होते ना, शंभरचा एक असे चार. तर विकणारा अगदीच चुकीचं विचारत नव्हता, पण नीट सांगायला काय झालं होतं? शेवटी बारीक छिद्राचे निपलही घेतले, छिद्र मोठं असलं की उलटा जोर येऊन घोडाच उचलला जातो, त्याने फरक पडलाय. हे कारखान्यातूनच का लावून देत नाहीत हा प्रश्न मात्र माझा कायम आहे.

बाकी भराभर. नेम म्हणजे घोड्यावरची खाच आणि पुढे पितळी मणी, २५ यार्डांवर वीतभर वर लागते, खाली धरायचं. नळीला जागेवर धरून ठेवणारी पाचर आधी हातोडीशिवाय निघत नव्हती, आता अंगठ्याने ढकलली की सरकते, याच्याकडे लक्ष ठेवून आहे. साफसफाई त्याच रात्री, गरम साबणाच्या पाण्याने, नाहीतर सकाळी गंज. गंधकामुळे त्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो, त्यावरून घरात काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत नाही.

साडेतीन तारे. ११ नंबरचे अडीच डबे शिल्लक आहेत, कुणाला हवे असतील तर सांगा. फुकट नाहीत.