‘कार्ड नव्या फर्मवेअरला चालत नाही’ असे सांगून आमची झालेली फसवणूक

भोसरीतील आमच्या कारखान्यासाठी गेल्या वर्षी सहा नवे सर्व्हर घेतले. आमच्याकडे ऑपरेटिंग सिस्टिम नेटवर्कवरूनच बसवली जाते आणि जुन्या सर्व्हरवर ही पद्धत अनेक वर्षे बिनतक्रार चालली होती. यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणारी अंगभूत प्रणाली म्हणजे फर्मवेअर. नव्या सर्व्हरवर बायोस या जुन्या फर्मवेअरची सोय नव्हती, ते केवळ यूईएफआय या नव्या फर्मवेअरवर सुरू होणारे होते. इंटेलने 2020 पर्यंत जुना बायोस आधार काढून टाकण्याचे धोरण आधीच जाहीर केलेले असल्याने त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. परंतु सहापैकी एकही सर्व्हर नेटवर्कवरून सुरू होईना.

पुरवठादाराने पाठवलेल्या अभियंत्याने अर्ध्या तासात निदान सांगितले. सर्व्हरमधील नेटवर्क कार्डे या फर्मवेअरला चालत नाहीत, ती बदलावी लागतील, शिवाय यूईएफआयमधून नेटवर्क बूट करण्यासाठी, म्हणजे यंत्र नेटवर्कवरून सुरू करण्यासाठी, प्रत्येक सर्व्हरला वेगळा परवाना लागतो, असे त्याचे म्हणणे होते. मी शंका काढली तेव्हा तो म्हणाला, “साहेब, नेटवर्कचा प्रश्न असता तर तुमचे जुने सर्व्हर पण अडले असते ना?” या एका वाक्यावर मी विश्वास ठेवला. दूरस्थ व्यवस्थापनातील काही सोयींना खरोखरच परवाना लागतो, हे मला ठाऊक असल्यामुळे परवान्याची गोष्टही खरी वाटली. प्रत्येकी 14,500 रुपयांची कार्डे आणि प्रत्येकी 9,000 रुपयांचे परवाने आम्ही मंजूर केले. कार्डे पाचच आली, सहावे पुढच्या आठवड्यात येणार होते. काढलेली कार्डे तो ‘निकामी’ म्हणून घेऊन गेला. लॉग तपासायचे आहेत असे सांगून त्याने डीएचसीपी सर्व्हरचा, म्हणजे यंत्रांना नेटवर्कवरील पत्ता आणि बूट फाइलचे नाव देणाऱ्या सर्व्हरचा, रूट (पूर्ण अधिकाराचा) पासवर्डही मागून घेतला आणि तो मी दिला. त्या रात्री पाचही सर्व्हर सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी आमच्या तंत्रज्ञाने सहावा सर्व्हर रॅकमध्ये बसवून केबल जोडली आणि वीज दिली. त्यात जुनेच कार्ड होते आणि परवाना कुठेही टाकलेला नव्हता, तरीही तो सर्व्हर नेटवर्कवरून सुरू होऊन सिस्टिम बसवू लागला. मी पडद्यासमोर उभा राहून ती प्रगतीची पट्टी पाहत होतो आणि काय घडले असावे हे हळूहळू लक्षात येत होते.

डीएचसीपीच्या सेटिंगची फाइल आमच्याकडे रोज रात्री बॅकअपमध्ये जाते. दोन दिवसांच्या प्रती शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा मोजक्या ओळींचा फरक निघाला. आधी प्रत्येक यंत्राला एकच बूट फाइल (यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्राम) दिली जात होती, जुन्या बायोससाठीची पीएक्सईलिनक्सची. आता मात्र यंत्राने डीएचसीपी विनंतीच्या पर्याय क्रमांक 93 मध्ये, म्हणजे यंत्राचा प्रकार सांगणाऱ्या रकान्यात, 7 हा यूईएफआयचा आकडा पाठवला, तर त्याला यूईएफआयसाठीची, डिजिटल स्वाक्षरी असलेली शिम ही बूट फाइल मिळत होती. बिघाड इतकाच होता आणि दुरुस्तीही इतकीच होती. कार्डांचा त्याच्याशी काहीही संबंध नव्हता.

मला सर्वाधिक सलते ते हे, की पुरावा पहिल्या दिवसापासून पडद्यावर होता. सर्व्हरला आयपी पत्ता मिळत होता, त्यानंतर ‘एनबीपी फाइल डाउनलोडेड सक्सेसफुली’ (बूट फाइल यशस्वीपणे उतरली) अशी ओळ उमटत होती आणि मग काहीही न सांगता तो बूट मेनूवर परतत होता. त्याच ओळींत फाइलचा आकारही होता, पन्नास हजार बाइटांच्या आत. ज्या कार्डाने पत्ता मिळवला आणि पूर्ण फाइल उतरवून घेतली, त्याला निकामी कसे म्हणता येईल? जुने सर्व्हर बायोसमधून सुरू होत असल्यामुळे त्यांना तीच फाइल योग्य होती. म्हणून त्यांचे चालणे हा नव्यांच्या बाबतीत पुरावा नव्हताच.

कुणी असे निदान सांगितले, तर यंत्र नेमके कोणत्या टप्प्यावर थांबते ते स्वतः पाहावे. पडद्यावर पीएक्सई-ई16 हा नेटवर्क बूटचा त्रुटी-संदेश आला तर डीएचसीपीचे उत्तरच पोहोचलेले नसते. तेव्हा केबल, व्हीलॅन (नेटवर्कचा वेगळा केलेला विभाग), रिले (डीएचसीपी विनंती दुसऱ्या विभागात पोहोचवणारी सोय) आणि स्विचवरील स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधील वर्तुळे टाळणारी यंत्रणा) तपासावे, कारण पोर्ट लगेच खुला करणारी पोर्टफास्ट सेटिंग नसल्यास जुन्या पद्धतीत पोर्ट खुला व्हायला तीस सेकंद लागतात. पत्ता मिळूनही फाइल उतरत नसेल, तर फाइल पोहोचवणाऱ्या टीएफटीपी सेवेचा पोर्ट 69 आणि फाइलचे नाव पाहावे. फाइल उतरूनही यंत्र मागे फिरत असेल, तर ती चुकीच्या जातीची आहे किंवा स्वाक्षरी तपासणाऱ्या सिक्युअर बूटने ती नाकारली आहे, हे आधी गृहीत धरावे. नेटवर्कवरील संदेश पकडून दाखवणाऱ्या टीसीपीडम्प या साधनात पर्याय 93 दोन मिनिटांत दिसतो. नेटवर्क बूटचा परवाना मागितला, तर उत्पादकाचे प्रमाणपत्र आणि परवाना क्रमांक लेखी मागावा. काढलेला भाग आवारातून बाहेर जाऊ देऊ नये.

आम्ही पुरवठादाराला दोन्ही प्रतींसह पत्र लिहून सहा परवान्यांचे क्रमांक मागितले. क्रमांक आले नाहीत. तीन आठवड्यांनी परवान्यांच्या 54,000 रुपयांची क्रेडिट नोट आली. कार्डांचे 72,500 रुपये मिळाले नाहीत आणि आमची पाच मूळ कार्डेही परत आली नाहीत. सहाव्या सर्व्हरमध्ये मूळ कार्ड आजही आहे आणि तो त्याच कार्डावरून सुरू होतो.