स्पीकरमधून घूंऽऽ आवाज यायलाय? दुकानात न्यायच्या आधी हे वाचा

ज्यांच्या घरी लाईटवर चालणारे स्पीकर आहेत, म्हणजे ज्यांच्या पोटातच अँप्लिफायर असतो ते, होम थिएटर म्हणा नाहीतर २.१ म्हणा, त्या सगळ्यांसाठी मुद्दाम सविस्तर लिहायलोय. लातुरातल्या एका रिपेअरिंगवाल्यानं आमच्याकडून नसलेल्या बिघाडाचे पैसे घेतले, स्पीकरमधला चांगला माल काढून घेतला आणि वरून असं एक काम करून दिलं की माझ्या वडिलांच्या जिवावर बेतलं असतं. दुकानाचं नाव लिहीत नाही. पद्धत मात्र पूर्ण लिहितो, कारण उदगीरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाला सांगितलं तर तो म्हणला अरे मला पण असंच बोट लावून दाखवलं होतं, तिकडचं दुकान वेगळं, माणूस वेगळा, पण खेळ तोच.

आमची स्पीकरची जोडी जुनी पण दणकट, लाकडी डबा, मागं धातूची पट्टी, थ्री पिनची वायर. टीव्हीच्या सेट टॉप बॉक्सला जोडलेली. दादा (आमचे वडील) रोज संध्याकाळी त्याच्यावर हरिपाठ नि कीर्तन ऐकतात. केबलवाल्यानं बॉक्स बदलून दिला आणि त्या आठवड्यापासून स्पीकरमधून बारीक घूंऽऽ सुरू झाली, टाळ-मृदंग चालू असला की काही कळायचं नाही पण महाराज एकट्या विण्यावर बोलायला लागले की कानापाशी भुंगा फिरावा तसा तो आवाज मधी मधी यायचा. दादा म्हणले, "बघ बरं एकदा दाखवून." म्हणून दुकानात नेले.

आता त्यानं काय केलं ते नीट वाचा. स्पीकर टेबलावर ठेवला, लाईट लावली, मागच्या इनपुटला एक वायर खोचली जिचं दुसरं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं, आवाज अर्ध्याच्या वर केला आणि त्या मोकळ्या टोकाच्या मधल्या पिनीला बोट लावलं. भूंऽऽऽ करून अख्खं दुकान दणाणलं. बोट काढलं की कमी, लावलं की परत भूंऽऽ. माझ्याकडं बघून म्हणला, "बघा साहेब, आयसी लीक झाली, ट्रान्सफॉर्मर पण करंट सोडायलाय, कंडेन्सर सुकले. बोर्ड जळायच्या आधी आणलं ते बरं केलं." समोर एवढा मोठा आवाज होत असला की माणूस विश्वास ठेवणारच ना.

ते सगळं खोटं होतं. जगातल्या कुठल्याही चांगल्या अँपच्या इनपुटला बोट लावलं की तो भूं करणारच, कारण घरादारात भिंतीभिंतीतून २३० व्होल्ट ५० हर्ट्झची लाईन फिरत असते, तिचा बारीक अंश आपल्या अंगात पकडला जातो आणि अँपचं काम बारीक सिग्नल मोठा करणं हेच आहे. जुने मेकॅनिक तर अँप जिवंत आहे का मेला हे बघायलाच बोट लावतात. म्हणजे जो आवाज ऐकवून त्यानं बिघाड सांगितला, तो आवाज अँप धडधाकट असल्याचा पुरावा होता! कुणी तुमच्यासमोर बोट लावून "बघा बघा" करायला लागला की स्पीकर उचला आणि सरळ घरी या.

२,४०० रुपये सांगितले, आयसी, कंडेन्सर आणि ट्रान्सफॉर्मरचे मिळून. बिल मागितलं तर म्हणला पक्कं बिल पाहिजे तर जीएसटी वेगळा लागंल, आणि जुने पार्ट मागितले तर "ते काय करता, भंगारच आहे." आणायला गेलो तेव्हा त्यानं स्वतःचा मोबाईल लावून गाणं वाजवलं, बंद केलं, आणि स्पीकरला कान लावायला सांगितला. एकदम शांत. खूष होऊन घरी आणला, टीव्हीला जोडला, की परत तीच घूंऽऽ. जशीच्या तशी. दुकानात शांत का होता ते नंतर कळलं, मोबाईल बॅटरीवर चालतो, त्याला ना चार्जर ना केबलची लाईन, मग आवाज येणार कुठून. दुरुस्ती न करता सुद्धा तो तिथं शांतच वाजला असता.

परत नेला तर गडी म्हणतो आमचं काम ओके आहे, तुमच्या घरची लाईन खराब आहे, फिल्टर लावावा लागंल, आणि एक काळा डबा ९५० रुपयांना गळ्यात मारला, प्लगमध्ये खोचायचा, वर हिरवी लाईट. काहीच फरक पडला नाही. (आमचे दाजी इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांनी नंतर तो फोडला, आत एलईडी, एक रेझिस्टर आणि एक कंडेन्सर, बस.) मग मी जरा आवाज चढवला तेव्हा तो स्वतः घरी आला, टीव्हीमागं बसला, स्पीकरचा प्लग खोलला, पाच मिनिटांत बाहेर आला आणि खरंच घूं गायब. घरी यायचे म्हणून आणखी ३०० रुपये घेतले. आम्हाला वाटलं सुटलो एकदाचे.

त्यानं प्लगमधली हिरवी वायर कापली होती. अर्थिंगची.

हे मला कळलं ते असं, की फरशी पुसलेली होती, दादा अनवाणी होते, स्पीकर सरकवायला मागच्या पट्टीला हात लावला आणि "अगं आई" म्हणून हात झटकला. झिणझिण कोपरापर्यंत गेली म्हणले. मला आधी वाटलं बोटाला पत्रा लागला असंल, मी मागच्या बाजूनं हात लावून बघितला तर मला पण मुंग्या आल्यासारखं झालं. त्या दिवशी आमच्या दाजींना फोन केला, ते आयटीआयचे इलेक्ट्रिशियन, औसा रोडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. फोनवरच म्हणले, "पाहुणं, आधी बटण बंद करा आणि प्लग काढून बाजूला ठेवा, कुणी हात लावू नका, मी येतो."

दाजींनी आल्यावर प्लग खोलला आणि मला दाखवला. हिरवी वायर आतल्या आत कापून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळलेली, वरून स्क्रू घट्ट. बाहेरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. धातूचा भाग हाताला लागतो अशा उपकरणाला अर्थिंग यासाठीच असतं की आत कुठं करंट उतरला तर तो जमिनीत जावा आणि फ्यूज किंवा एमसीबी उडावी, ती वाट तोडली की मग वाट म्हणजे हात लावणारा माणूस. ज्या घरात लहान लेकरं आहेत त्यांनी आजच्या आज आपले थ्री पिनचे प्लग खोलून बघा, हिरवी वायर जागेवर आहे का, आणि पिनच कापलेली असंल किंवा थ्री पिनचं टू पिन करणारा तो स्वस्तातला जोड लावलेला असंल तर काढून टाका.

मग घूं गेली कशी? कारण मूळ दुखणं अर्थिंगच्या लूपचं होतं, ग्राउंड लूप म्हणतात त्याला. स्पीकर थ्री पिननं घरच्या अर्थला जोडलेला. सेट टॉप बॉक्सला येणारी केबल खांबावरून येते, तिच्या बाहेरच्या जाळीला तिकडं कुठंतरी वेगळं अर्थ. दोन अर्थमध्ये थोडा जरी व्होल्टेजचा फरक असला तर त्याचा करंट स्पीकर आणि बॉक्सच्या मधल्या ऑडिओ वायरच्या जाळीतून वाहतो आणि अँप त्याला गाण्याचाच भाग समजून मोठा करतो. नवा बॉक्स बसवताना केबलचा जोड बदलला आणि लूप पूर्ण झाला, स्पीकरचा काही संबंधच नाही. त्यात उन्हाळ्यात आपल्याकडची काळी माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या रॉडपासून सुटते, रेझिस्टन्स वाढतो, अर्थ नावालाच उरतो. दाजींनी मीटर लावला तर न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आणि अर्थच्या मधी १४ व्होल्ट, हे दोन-तीनच्या आत पाहिजे म्हणले. अर्थिंगच्या खड्ड्यात किती वर्षांत कुणी पाणी टाकलं नव्हतं. मीठ-कोळसा नवीन भरून बादलीनं पाणी जिरवलं तेव्हा कुठं उतरलं.

त्यांनी घूं कुठून यायली ते शोधलं ती रीत इतकी सोपी आहे की वाचून राग येईल, मला तर लई आला. आधी अर्थची वायर परत जोडली, घूं परत आली. मग स्पीकरला फक्त लाईट ठेवली आणि मागच्या सगळ्या इनपुटच्या वायरी उपटल्या, आवाजाचं बटण निम्म्यावर. शांत. म्हणजे डब्यात काही नाही, जे आहे ते बाहेरून यायलंय. मग टीव्हीची वायर जोडली, घूं आली. ती तशीच ठेवून सेट टॉप बॉक्सच्या मागची केबल फिरवून काढली, की घूं बंद. घोडं कुठं पेंड खातंय ते सापडलं! लॅपटॉप जोडत असाल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, घूं किंवा किरकिर गेली तर दोष चार्जरकडून यायलाय.

सगळ्या वायरी काढल्यावर पण घूं राहिली, तरच आतला बिघाड धरायचा. तेव्हा आवाजाचं बटण शून्यावर आणा. बटणासोबत घूं कमी होत नसंल आणि स्वर जरा वरचा असंल, म्हणजे ५० च्या जागी १०० हर्ट्झ, बरोबर एक सप्तक वर, तर पॉवर सप्लायचे मोठे कंडेन्सर थकलेले असायची शक्यता जास्त, जुन्या सेटमध्ये ते होतं, आणि ते बदलणं काही हजारोंचं काम नाही. स्पीकरच्या पडद्याला कान लावल्यावर शांत पण डबा गुणगुणतोय तर ट्रान्सफॉर्मरच्या आतल्या लोखंडी पट्ट्या ढिल्या. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवरच झिर्रर्र येत असंल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा (लाईटची लाट गोलाईच्या ऐवजी चौकोनी देणारा) आहे का ते बघा, आणि मधीच टिर्रटिटिट वाजलं तर शेजारी ठेवलेला मोबाईल उचला.

मग दाजींनी डबा खोलला. मला वाटलं निदान २,४०० चे पार्ट तरी नवे दिसतील. कंडेन्सरच्या बुडाला कंपनीचा पिवळट डिंक जसाच्या तसा, त्याच्यावर धुळीचा थर, बोर्डाच्या मागं डाग दिलेल्या जागा एकसारख्या चकचकीत, कुठंच हात लावलेला नाही. आयसीवर सुद्धा हीट सिंकची जुनी पेस्ट वाळून गेलेली. बदललं होतं ते एकच, ट्रान्सफॉर्मर, आणि तो पण नवा टाकायला नाही तर जुना काढून घ्यायला. आमचा जाड, जड तांब्याचा ट्रान्सफॉर्मर चार स्क्रूवर बसलेला होता, त्या जागी लहान हलका, भोकं जुळत नाहीत म्हणून एका स्क्रूवर आणि प्लॅस्टिकच्या पट्टीवर टांगलेला. दाजींनी वाइंडिंगच्या टोकाचं वार्निश ब्लेडनं खरवडलं, तांबडं निघायच्या ऐवजी पांढरं चमकलं. अॅल्युमिनियम. अर्धा तास वाजवला तर हात ठेववेना इतका तापला. असा माल आत, आणि वरून अर्थची वायर कापलेली. एखाद्या दिवशी आतल्या आत इन्सुलेशन गेलं असतं तर पट्टीवर सरळ २३० व्होल्ट आले असते, आणि हात लावणारे दादाच असते.

खरा उपाय ३५० रुपयांत झाला. गंजगोलाईच्या बाजारातून ग्राउंड लूप आयसोलेटर आणला, ऑडिओ वायरच्या मधी जोडायची काडेपेटीएवढी डबी, आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर, आवाज पलीकडं जातो पण तांब्याची सलग वाट तुटते. अर्थ जागेवर, घूं बंद. स्वस्तातल्या डबीनं मृदंगाचा खालचा बोल किंचित पातळ होतो, आमच्या कानाला चाललं. टीव्हीला आणि स्पीकरला दोन्हीकडं ऑप्टिकल असंल तर ती वायर लावा, तिच्यातून उजेड जातो, करंट जातच नाही.

दुरुस्तीला द्यायचाच असंल तर घरूनच डबा मागून खोलून आतला फोटो काढा (आधी प्लग काढून ठेवा आणि आत बोट घालू नका, कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो), स्पीकरचं वजन करून ठेवा, वजनातच ट्रान्सफॉर्मरची चोरी कळते. ज्या वस्तूला जोडल्यावर आवाज येतो ती वस्तू पण सोबत न्या, बॉक्स असंल तर बॉक्स, आणि त्याच्यासमोर तीच जोडून दाखवायला लावा. जुने पार्ट परत पाहिजेत हे देतानाच सांगा, नंतर नाही. चांगले कारागीर लातुरात आहेत, एकानं तर नंतर हा सगळा प्रकार ऐकून जुन्या सेटमधला तांब्याचा ट्रान्सफॉर्मर रास्त भावात बसवून दिला आणि जुना अॅल्युमिनियमवाला न मागता हातात ठेवला.

त्या दुकानात दाजींना घेऊन गेलो. आधी उडवाउडवी, मग "पोरानं केलं असंल", मग कापलेली वायर आणि फोटो समोर ठेवल्यावर काळ्या डब्याचे ९५० परत केले, बाकी हात वर. तांब्याचा ट्रान्सफॉर्मर आता सापडत नाही म्हणतो. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवलीय. बिल देत नाही म्हणणं हीच २०१९ च्या ग्राहक कायद्यात अनुचित व्यापार प्रथा धरलेली आहे, आणि पुढं जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर ५ लाखापर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांच्या आत जावं लागतं. बिल नाही म्हणून गप्प बसू नका, पैसे मोबाईलवरून दिलेले असतील तर ती नोंद चालते. मी तिचाच स्क्रीनशॉट जोडलाय, सोबत धूळ बसलेल्या कंडेन्सरचा, एका स्क्रूवर टांगलेल्या ट्रान्सफॉर्मरचा आणि टेप गुंडाळलेल्या हिरव्या वायरचा फोटो.